तपासले खरे, पुढे काय?

खेड्यात आरोग्य शिबिर भरणार असले म्हणजे दोन दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागते, शाळेची एक खोली झाडून घेतली जाते आणि ठरल्या दिवशी पांढरे कोट घातलेली मुले-मुली गाडीतून उतरतात. कोणी रक्तदाब मोजतो, कोणी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतो, कोणी भिंतीवर तक्ता लावून आहाराची माहिती सांगतो. दुपारपर्यंत वही भरते, छायाचित्र निघते, चहा होतो आणि गाडी परत जाते. जांभूळसारख्या गावात वाढलेल्या मला हे दृश्य नवे नाही. वैद्यकाच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी गावात यावे ही निःसंशय चांगली गोष्ट आहे. परंतु त्या भरलेल्या वहीचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच विचार करावयाचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी; वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. पण तपासून घेणाऱ्यांच्या रांगेतही एक बाजू असते आणि ती बाजू मला ठाऊक आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, तपासणी आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप आला, पोट दुखले म्हणजे आपण होऊन दवाखान्यात जातो आणि डॉक्टर त्या तक्रारीच्या मागोव्याने रोग शोधतात. शिबिरातील तपासणी उलट दिशेने चालते. जो स्वतःला धडधाकट समजतो त्यालाच बोलावून बसवायचे आणि ज्यांची पुढे नीट चौकशी व्हायला हवी असे थोडे लोक बाजूला काढायचे. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम आहे. खडे वेगळे काढले म्हणून भात शिजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर या दोघांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अशा तपासण्यांसाठी दहा कसोट्या दिल्या आहेत. ज्यांना रोग सापडेल त्यांच्यासाठी उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, ही त्यांतील एक. आणि रोगी शोधण्याचे काम एकदाच उरकून टाकण्याचे नसून सतत चालणारे असावे, ही शेवटची. आमच्या जांभूळला औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. नदीचे पाणी तेथे शुद्ध होऊन कारखान्यांना आणि शहरांना जाते. पाणी एकदा तपासले, आता वर्षभर बघायला नको, असे तेथे कोणी म्हणेल काय? माणसांच्या बाबतीत मात्र आपण खुशाल तसे म्हणतो.

रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. आमच्याकडे ‘मला बीपी आहे’ असे म्हणतात. वास्तविक रक्तदाब सर्वांनाच असतो. तो नसेल तर माणूसच नसेल. १४० आणि ९० हे आकडे त्याची वरची मर्यादा म्हणून धरले जातात. पण हे मोजमाप फार नाजूक आहे. माणसाला आधी पाच मिनिटे शांत बसू द्यावे, अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू झालेली नसावी, पाठीला टेका असावा, मोजणी दोनदा करावी असा नियम आहे. डोक्यावर भारा घेऊन आलेली, सकाळी मिश्री लावलेली बाई रांगेतून थेट खुर्चीवर बसली आणि यंत्राने १५० दाखवले, तर तेवढ्यावरून तिला रोगी ठरविता येत नाही. दुसऱ्या दिवशी, शक्य तर तिसऱ्याही दिवशी पुन्हा मोजावे लागते. म्हणजे पहिल्याच आजारात आपण अडलो! एक दिवसाच्या शिबिराला दुसरा दिवस नसतो. शिवाय उलटही घडते. ज्याचा दाब खरोखर वाढलेला आहे त्याला काहीच दुखत नाही. त्याला कागद दिला तर तो म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ अशा माणसाला गोळी रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागेल हे पटवून देणे पाच मिनिटांचे काम नव्हे.

याहून बिकट गोष्ट रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. म्हणजे दोघींतली एक. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅम तरी असावे, गरोदर स्त्रीच्या ११. हे मोजायला थेंबभर रक्त पुरते. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या शिबिरात ही तपासणी हमखास असते. आता भाषेची गंमत पाहा. डॉक्टर म्हणतात, ‘रक्त कमी आहे.’ ऐकणारी बाई समजते की, अंगातले रक्तच आटले, ते बाहेरून भरले पाहिजे. मग ती चार पैसे जमवून खाजगी दवाखान्यात सलाईनची बाटली चढवून घेते आणि दोन दिवस तिला तरतरीही वाटते. अर्धा लिटरच्या त्या बाटलीत पाणी आणि साधारण साडेचार ग्रॅम मीठ असते. लोह मुळीच नसते. उलट सरकारी उपकेंद्रात फुकट मिळणारी लोहाची गोळी ती चार दिवसांत सोडून देते, कारण शौचाला काळे होते, मळमळते. शौचाला काळे होणे हे त्या गोळीने होतेच, त्यात भिण्यासारखे काही नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबू किंवा आवळा चालेल. आणि बरे वाटू लागले तरी काही महिने ती चालू ठेवावी. एवढी चार वाक्ये तिच्या भाषेत कोणी सांगितली तर खरे आरोग्यशिक्षण झाले. ‘सकस आहार घ्या’ हे तक्त्यावरचे वाक्य खोटे नाही, पण त्याने गोळी पोटात जात नाही.

आमच्या घरातील एक गोष्ट येथे सांगतो. एका शिबिरात आईचे रक्त तपासले गेले होते. मिळालेला कागद तिने जपून देवाच्या तसबिरीमागे ठेवला. सहा महिन्यांनी दिवाळीची साफसफाई करताना तो माझ्या हाती आला. हिमोग्लोबिन ८.४ आणि खाली इंग्रजीत पुन्हा तपासणीस येण्याचा सल्ला. आईला वाटत होते की, कागद मिळाला म्हणजे आपण पास झालो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. ज्या घरात असा कोणी नाही तेथील कागद अजून तसबिरीमागेच असतील.

हे असे होऊ नये म्हणून काय करता येते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळते. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. या गांधीजींच्या सहवासातल्या डॉक्टर. पुढे त्या केंद्रीय आरोग्यमंत्रीही झाल्या होत्या. येथे प्रवेश मिळालेले विद्यार्थी आरंभी पंधरा दिवस आश्रमात राहतात. सूतकताई, सफाई, श्रमदान करतात. नंतर त्या वर्षीच्या तुकडीला एक गाव दत्तक दिले जाते. विद्यार्थी त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबे येतात. घरातील प्रत्येक माणसाची तपासणी, नोंद, बोलणेचालणे त्या एकाच विद्यार्थ्याने करायचे. मुक्काम संपला तरी नाते संपत नाही. पुढेही त्याच घरी जावे लागते. मला या पद्धतीतील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. ‘गेल्या वेळी गोळ्या दिल्या होत्या, त्यांचे काय झाले, मावशी?’ हा प्रश्न तोच विचारू शकतो जो गेल्या वेळीही आला होता. आणि मावशीही खरे उत्तर त्यालाच देते.

त्याच परिसरात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांसाठी एक आरोग्य विमा उभा केला. हप्ता पैशांत नव्हे, ज्वारीत! सुगीच्या वेळी ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी. उपचार मात्र सर्वांना सारखे. मूठभर का होईना, ज्वारी दिलेला माणूस दवाखान्यात हात जोडून उभा राहत नाही, हक्काने उभा राहतो. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे आरोग्यविद्यार्थी आज तेथे शिकावयास येतात आणि या सेविका त्यांना शिकवतात. पदवीधरांना निरक्षर बाई शिकवते, हे आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या कॉलेजकुमारांनी जरा थांबून पाहण्याजोगे आहे.

ही कल्पना सरकारलाही नवी नाही. भोर समितीने १९४६ सालीच वैद्यकाच्या शिक्षणात तीन महिने समाजातील आरोग्याच्या शिक्षणाला द्यावेत असे सुचविले होते. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे सोपविण्याची योजना निघाली. ती फारशी रुजली नाही. २०२२ पासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असे अभ्यासक्रमातच घातले आहे. सेवाग्रामला जे जवळजवळ अर्धशतक चालू होते ते आता सर्वांना लागू झाले. मात्र ‘दत्तक’ हा शब्द मला तितकासा रुचत नाही. सत्तर वर्षांच्या आजीला वीस वर्षांच्या मुलाने दत्तक घ्यायचे म्हणजे काय? पण ते असो.

आता आपल्या भागाकडे वळू. अंबरनाथ-बदलापूरकडची आमची गावे धड खेडी नाहीत, धड शहरे नाहीत. भातशेती आहे, आसपास ठाकूर-कातकरी वाड्या आहेत आणि सकाळच्या पाळीला कारखान्यात जाणारी माणसेही आहेत. दिवसा अकरा वाजता शिबिर भरले तर म्हाताऱ्या आणि लहान मुले तेवढी येतात. ज्यांचा रक्तदाब पाहायला हवा ते कामावर असतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे असे बाहेरच्याला वाटते. पण रोजंदारीच्या माणसाला तेथे जाणे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडविणे. चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेबही चिठ्ठीबरोबर केला पाहिजे.

आणि येथे आपण कला शाखेचे विद्यार्थी अगदीच निरुपयोगी नाही. राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ सालचीच. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा आपला वाटा. रस्ते झाडणे, झाडे लावणे आपण करतोच. शेजारच्या वैद्यकीय किंवा परिचर्या महाविद्यालयाचे विद्यार्थी येणार असतील तेव्हा आधी घरोघरी जाऊन यादी करणे, तपासणीचा निकाल मोठ्या मराठी अक्षरांत लिहून तो वाचून दाखविणे, आणि ज्यांना पुन्हा बोलावले आहे त्यांच्या नावांची एक प्रत गावच्या आशाताईंकडे व उपकेंद्राच्या परिचारिकेकडे देणे ही कामे आपली आहेत. सुई टोचण्याचे शिक्षण त्याला लागत नाही. शिबिर रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावे आणि भातलावणीच्या दिवसांत मुळीच घेऊ नये. पंधरा दिवसांनी चार-पाच जणांनी यादी घेऊन पुन्हा फेरी मारावी: कोण गेले, कोण गेले नाही, का गेले नाही. ‘का’ या रकान्यासाठी वहीत जरा रुंद जागा सोडावी लागेल, कारण बाया एकदा बोलू लागल्या की, सासूच्या दुखण्यापासून एस.टी.च्या वेळेपर्यंत सर्व सांगतात.