हंगामापलीकडची कारकीर्द

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेकाठी वसलेल्या कोल्हारच्या परिसरात अनेकांच्या नोकरीचे वर्ष साखर कारखान्याच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाने सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडते, उन्हाळ्याच्या तोंडावर गाळप आटोपते आणि तेवढ्या काळापुरते काम मिळणारे कामगार ‘हंगामी’, तर बारमाही हजेरीपटावर असणारे ‘कायम’ ठरतात. दहावी-बारावीनंतर शाखा निवडली की करिअरचे नियोजन झाले, ही समजूत या भागात म्हणूनच अपुरी पडते. येथील खरे निर्णय नोकरी लागल्यानंतरचे असतात.

जवळच्या लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले आणि शेतकरी कुटुंबांतील मुलांना गाव न सोडता यंत्रावरचे काम मिळण्याची सोय झाली. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था आणि १९८३ मध्ये लोणीचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाल्यावर शिक्षणाची वाटही जवळ आली. मात्र शिक्षण आणि नोकरी शेजारी असली, तरी शिक्षणातून नोकरीत आणि तिच्यातून पुढच्या पायरीवर जाणे ज्याचे त्यालाच आखावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५७ च्या ग्रंथात कारकिर्दीचे जडणघडण, शोध, स्थिरावणे, टिकवणे आणि निवृत्ती असे पाच टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत पंधरा ते चोवीस ही वर्षे शोधाची, तर पुढची साधारण वीस वर्षे स्थिरावण्याची असतात. हंगामी कामगाराची अडचण अशी, की त्याचा शोध संपण्याआधीच संसार सुरू होतो आणि स्थिरावण्याची वर्षे ‘कायम’ होण्याच्या प्रतीक्षेत जातात.

या प्रतीक्षेची किंमत निवृत्तीच्या वेळी कळते. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यावयाची एकरकमी रक्कम, १९७२ च्या कायद्यातील सूत्रानुसार कायम कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी, तर केवळ हंगामापुरते काम करणाऱ्याला दर हंगामामागे ७ दिवसांच्या वेतनाइतकी मिळते. तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब केला, तर एकाच्या वाट्याला ४५० दिवसांचे आणि दुसऱ्याच्या वाट्याला २१० दिवसांचे वेतन येते.

म्हणून कारकीर्द आखताना दोन प्रकारच्या कमाईतला फरक लक्षात घ्यावा लागतो. सेवाज्येष्ठता ही त्या-त्या आस्थापनेतली कमाई असते. कारखाना आजारी पडला किंवा कामगाराने नोकरी बदलली, की तिचे मोल उरत नाही. दाखला मात्र माणसाबरोबर जातो. बॉयलर अटेंडंटचे उदाहरण बोलके आहे: सक्षमतेचा दाखला नसलेल्याच्या हाती बॉयलर सोपवता येत नाही, दुसऱ्या वर्गाच्या दाखल्यानंतर अनुभव आणि परीक्षा यांच्या बळावर पहिल्या वर्गाचा दाखला मिळवता येतो, आणि वाफेवर चालणाऱ्या दूध प्रकल्पापासून औषधनिर्मितीपर्यंतच्या उद्योगांत त्याला मागणी असते. साखर कारखान्याच्या रसायन विभागात साखर तंत्रज्ञानाच्या शिक्षणाला असेच वजन असून पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ते शिक्षण देते. अनेक कारखान्यांनी साखरेच्या जोडीला इथेनॉल आणि सहवीजनिर्मिती, म्हणजे उसाचे चिपाड (बगॅस) जाळून वाफेबरोबरच वीज तयार करणे, सुरू केल्यापासून आसवनी आणि टर्बाइन सांभाळणाऱ्या कुशल माणसांचीही गरज निर्माण झाली आहे.

चाळिशी ओलांडलेल्या, हातात कसब असूनही कागद नसलेल्या कामगारासाठी कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाच्या मान्यतेची तरतूद आहे. अनुभवातून आलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देणे, हा तिचा अर्थ. गाळप बंद असलेले महिने बहुतेकदा शेती, लग्नकार्ये आणि मिळेल ती मजुरी यांत जातात आणि त्यामागे घरखर्चाची सक्तीही असते. तरीही दर दोन-तीन बंद हंगामांत एखादी परीक्षा किंवा प्रशिक्षण पूर्ण केले, तर ‘कायम’ होण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हाती राहिला, तरी पुढची नोकरी शोधण्याची ताकद कामगाराच्या स्वतःच्या हाती येते. कामगार संघटनांनी वेतनकराराच्या बोलणीत वाढीव पगाराइतकाच प्रशिक्षण-खर्चाचा आणि भरपगारी अभ्यासरजेचा आग्रह धरला, तर हे नियोजन केवळ ऐपत असलेल्यांपुरते उरणार नाही.