घरात गोड, मंचावर गढूळ

तार आणि तंत्र : लेखांक ६

गिटार वाजवणाऱ्यांची एक तक्रार हल्ली वारंवार कानावर येते. आठवडाभर हेडफोन लावून मॉडेलरवर आवाज बसवलेला असतो; भरदार, घट्ट, थेट रेकॉर्डवरून उतरल्यासारखा. कार्यक्रमाच्या संध्याकाळी तोच प्रीसेट लावावा, तर तो खालून घुमतो, वरून कर्कश होतो आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायबच होते. मग खापर यंत्रावर फुटते: "डिजिटल ते डिजिटलच!" मॉडेलर अ‍ॅम्पची नक्कल कशी करतो, हे आपण मागच्या लेखांकात पाहिले. ती नक्कल आज इतकी पक्की झाली आहे की दोष तिच्यात क्वचितच सापडतो. प्रीसेट कशावर ऐकून बसवला आणि किती मोठ्याने ऐकून बसवला, इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

आधी मॉडेलरमधून नेमके काय बाहेर पडते ते समजून घेऊ. गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकण्याच्या स्पीकरपेक्षा फार वेगळा असतो. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर रॉक गिटारवाल्यांच्या परिचयाचा आहे. त्याचा पल्ला कंपनीच देते तो साधारण ७० ते ५००० हर्ट्झ. त्यापुढचा तीक्ष्ण भाग तो जवळजवळ गाळूनच टाकतो, आणि डिस्टॉर्शनचा खरखरीतपणा त्यामुळेच सुसह्य होतो. शिवाय अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि आपण उभे असतो, त्यामुळे स्पीकरचा मारा कानांवर थेट होत नाही. माइकचे तसे नाही. शुअरचा एसएम ५७ जाळीला लागून उभा केला की त्याला स्पीकरचा एक छोटासा भाग अगदी जवळून ऐकू येतो. मॉडेलरमधला कॅबिनेटचा भाग, म्हणजे ज्याला सगळे आयआर म्हणतात तो इम्पल्स रिस्पॉन्स, या माइकने ऐकलेल्या आवाजाचीच नोंद असते. खोलीतल्या अ‍ॅम्पचा पायाला जाणवणारा धक्का त्यात शोधणे व्यर्थ आहे. मोठ्या कार्यक्रमांत प्रेक्षकांपर्यंत मात्र वर्षानुवर्षे माइकमधून आलेला आवाजच पोहोचत आला आहे. त्यांच्या दृष्टीने मॉडेलरने फारसे काही बदललेले नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा अंटार्क्टिकातला कार्यक्रम. ८ डिसेंबर २०१३ रोजी अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर एका पारदर्शक घुमटात हा बँड वाजला. तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून लाउडस्पीकर लावले नव्हते. जमलेल्या श्रोत्यांनी सगळे हेडफोनवर ऐकले. गिटारच्या आवाजासाठी तिथे फ्रॅक्टल ऑडिओची अ‍ॅक्स-एफएक्स ही यंत्रे होती. हजारो वॉटच्या भिंतीसमोर वाढलेल्या बँडने मॉडेलरवर विश्वास टाकला, म्हणून या कार्यक्रमाची खूप चर्चा झाली. आपल्या विषयासाठी त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. तिथे आवाज हेडफोनवर पोहोचायचा होता आणि ऐकलाही हेडफोनवरच गेला. तुमच्या-माझ्या नाट्यगृहात ही सोय नाही. हेडफोनवर बसवलेला आवाज तिथे मोठ्या स्पीकरमधून, तिप्पट-चौपट मोठा होऊन बाहेर येतो, आणि गणित तिथेच चुकते.

या चुकण्यामागे आपल्या कानांचा स्वभाव आहे. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली तो मोजून आलेखांत मांडला. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. आवाज लहान असला की खर्ज त्याला फारच कमी ऐकू येतो आणि अगदी वरचे टोकही काहीसे बोथट वाटते. हळू आवाजात १००० हर्ट्झचा एखादा स्वर ४० डेसिबलवर वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा स्वर तितकाच मोठा भासण्यासाठी जवळपास २४ डेसिबल जास्त द्यावे लागतात. आवाज ८०-९० डेसिबलवर नेला की ही तफावत बरीच आटते. आता रात्री शेजारी जागे होऊ नयेत म्हणून हळू आवाजात प्रीसेट बसवणाऱ्याचे काय होत असेल, ते ओळखा. खर्ज कमी वाटतो म्हणून तो बास वाढवतो, चमक कमी वाटते म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि मधला पट्टा आधीच पुरेसा वाटत असल्याने तो खाली ओढतो. कार्यक्रमात आवाज चढतो, कान खर्ज आणि चमक पुरेपूर ऐकू लागतात, आणि घरी केलेली प्रत्येक भर अंगावर येते.

तेव्हा पहिला नियम असा: कार्यक्रमासाठीचा प्रीसेट कार्यक्रमाच्या आवाजात बसवायचा. तालमीच्या खोलीत एक साधा पीए स्पीकर मिळाला तरी पुरे. आवाज ९० डेसिबलच्या आसपास आणावा. मोबाइलवरचे मापक ढोबळ असले तरी अंदाजाला चालते. इतक्या आवाजात फार वेळ बसू नये, मधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. आणि एकट्याने बसवू नये. बँड हजर नसेल तर गाण्याचा बास आणि ड्रम असलेला ट्रॅक सोबत लावावा.

दुसरा नियम कात्रीचा. गिटारची सर्वांत जाडी तार ८२ हर्ट्झवर बोलते, बास गिटारची ४१ वर. किक ड्रमचा ठोकाही त्याच शेजारात असतो. त्या गर्दीत गिटारने घुसायचे कारण नाही. कॅबिनेटच्या ब्लॉकमध्ये लो-कट ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान आणि हाय-कट ५ ते ८ हजारांच्या दरम्यान ठेवून पाहा. एकटी ऐकली तर गिटार थोडी बारीक वाटेल. बँड सुरू झाला की तीच स्वच्छ ऐकू येईल, कारण गिटारची खरी जागा मधल्या पट्ट्यात, साधारण ४०० ते ३००० हर्ट्झमध्ये आहे. म्हणूनच मिड्स कापून केलेला आवाज घरी भव्य वाटतो आणि मंचावर झांजांखाली बुडतो.

गेनचेही तसेच. घरी लागतो त्यापेक्षा गेन कमी करा. मोठ्या आवाजात डिस्टॉर्शन आपोआप दाट वाटते. जास्त गेन असेल तर तारेवरचा आघात सपाट होतो आणि आवाज मागे सरकतो. रिव्हर्ब आणि डिलेही कमी करा. सभागृहाचा स्वतःचा घुमारा त्यात भर घालतोच. सोलोसाठी गेन वाढवण्याऐवजी शेवटी ३ डेसिबलची उचल आणि मिड्सची थोडी भर पुरते.

हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात गिटारवाल्याला एका संध्याकाळी स्वच्छ आर्पेजिओपासून जळजळीत सोलोपर्यंत सगळे वाजवावे लागते. तिथे प्रीसेटमधली आवाजाची पातळी जुळणे सर्वांत महत्त्वाचे. मीटरवर विसंबू नका. स्वच्छ आवाजाचे आघात टोकदार असतात, डिस्टॉर्शन चपटे असते. मीटरवर दोघांची टोके सारखी दिसली तरी कानाला डिस्टॉर्शनच मोठे वाटते. जुळवणी कानानेच आणि बँडसोबत करावी. एका गाण्यात आवाज बदलायचा असेल तर प्रीसेट बदलण्याऐवजी स्नॅपशॉट किंवा सीन वापरा. प्रीसेट बदलताना अनेक यंत्रांत क्षणभर खंड पडतो आणि डिलेची शेपटी तुटते. सीनमध्ये ती चालू राहते.

आता जोडणी. तीन मार्ग आहेत. मॉडेलरमधून थेट मिक्सरला जायचे असेल तर कॅबिनेटचा ब्लॉक चालू हवा. मंचावर एफआरएफआर, म्हणजे सगळे पट्टे सारखे ऐकवणारा स्पीकर असेल तरीही तो चालूच हवा. पण पॉवर अ‍ॅम्प आणि खरे गिटार कॅबिनेट असेल तर त्या वाटेवरचा ब्लॉक बंद करा, नाहीतर कॅबिनेटमधून कॅबिनेट वाजते आणि आवाज दबतो. लाइन सिक्सच्या हीलिक्ससारख्या यंत्रांत मिक्सरकडे जाणारी पातळी मोठ्या व्हॉल्यूमच्या खुंटीपासून सोडवता येते. हे जरूर करा. मग तुम्ही मंचावर स्वतःसाठी आवाज कमीजास्त केलात तरी समोर बसलेल्या साउंड इंजिनियरची घडी विस्कटत नाही. सभागृहानुसार करायच्या दुरुस्त्या ग्लोबल ईक्यूमध्ये करा, एकेका प्रीसेटमध्ये शिरू नका. बहुतेक ठिकाणी ध्वनिव्यवस्था मोनो असते; रुंद स्टिरिओ कोरस मोनोत विरून जाऊ शकतो, तेव्हा तो आधीच मोनोत ऐकून ठेवा. मिक्सरच्या त्या चॅनेलवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा असेल तर तो बंद करायला सांगा.

डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो, ही धास्ती अनेकांना असते. ध्वनी हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहणारा वादक ९ मिलिसेकंदांचा उशीर विनातक्रार सोसत आला आहे. चांगला मॉडेलर त्याहून कमी वेळ घेतो. मात्र डिजिटल वायरलेस, डिजिटल मिक्सर आणि वायरलेस इन-इअर एकापाठोपाठ एक जोडले की थेंबे थेंबे तळे साचते, तेवढे ध्यानात ठेवा.

राहिला प्रश्न विजेचा. मंडपात, विशेषतः जनरेटरवर, अर्थिंगचा भरवसा नसतो. ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर आली तर एक्सएलआर वाटेवरचे ग्राउंड लिफ्ट वापरा. थ्री-पिनची अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका; त्यात जीव जाऊ शकतो. परदेशातून आणलेला अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्ट घेतो की नाही, हे खोक्यावर वाचून मगच लावा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फर्मवेअर बदलू नका. प्रीसेटची प्रत मात्र लॅपटॉपवर काढून ठेवा.

नवे मॉडेल घेण्याचा विचार करत असाल तर जरा थांबा. आहे तेच यंत्र घेऊन तालमीच्या खोलीत एक संपूर्ण दुपार बँडसोबत बसा, कार्यक्रमाच्या आवाजात प्रीसेट नव्याने लावा आणि मगच पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. माझा अंदाज आहे, बहुतेकांचे पैसे वाचतील. पुढच्या लेखांकात इन-इअर मॉनिटर आणि मंचावर स्वतःला ऐकण्याविषयी पाहू.