ईदच्या तोंडावर कारागीर गावी गेला तर...

रमजानचा तिसरा आठवडा लागला की आमच्या वर्गात दोन-तीन बाक रिकामे दिसू लागतात. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, "दुकानात माणूस नाही, अब्बांनी थांबवून घेतलंय." आम्हाला त्या मुलांवर रागावता येत नाही, कारण हे एकदा आमच्याच घरात घडले आहे.

आमच्या थोरल्या भाईजानचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. तीन मशीन, बिहारचे दोन कारागीर, आणि कटिंगला स्वतः भाईजान. त्या वर्षी ईदला बारा दिवस असताना दोन्ही कारागीर गावी निघून गेले. कुर्ता-पायजम्याचे साठ जोड शिवायचे राहिले होते. नवा कारागीर दीडपट मजुरी आणि वर उचल मागत होता. गल्ल्यात तेवढे पैसे नव्हते. शेवटी आठवीतल्या पुतण्याचे दप्तर खुंटीला लागले. दहा दिवसांत गणिताचे जे धडे बुडाले, ते वर्षभर त्याला नडले. एवढे करूनही चांदरातीला अकरा गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परत गेली.

ईदनंतर आम्ही घरची सगळी मंडळी वही घेऊन बसलो. कारागीर काही अचानक गेले नव्हते. त्यांची तिकिटे कधीच निघाली होती. मात्र आधी सांगितले तर मजुरी अडकवून ठेवतील, या भीतीने ते गप्प राहिले होते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. आमच्या दुकानात मात्र "ईदला एकदम हिशेब करू" असेच चालले होते.

तेव्हापासून भाईजान दर गुरुवारी हिशेब चुकता करतात. सध्या रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, म्हणून रजब संपत आला की ते दोघांनाही सरळ विचारतात, "यंदा कोण जाणार?" एकाने रमजान ईदला जायचे आणि दुसऱ्याने बकरी ईदला, असे आता कारागिरांनी आपसात ठरवले आहे. याला जादा पैसा लागला नाही.

दुसरा बदल कामाच्या वाटणीचा. काज, बटण आणि तुरपाई यांत कारागिराची एका जोडामागे सुमारे 25 मिनिटे जात. दिवसाला चार जोड धरले तर दीड-पावणेदोन तास झाले. एवढ्या वेळात आणखी एक जोड शिवून होतो. आता काज-बटण नगाप्रमाणे बाहेरून करून घेतात आणि तुरपाई शेजारच्या चार घरांतल्या बायका करतात. बाई घरी बसून काम करते म्हणून तिला कमी दर द्यायचा नाही, आणि काम आणून दिले की पैसे त्याच दिवशी द्यायचे, हे भाभींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले.

तिसरा बदल सर्वांत अवघड गेला, तो म्हणजे नाही म्हणणे. एक कारागीर, दिवसाला पाच जोड, 24 दिवस, म्हणजे 120 जोड. वहीत मात्र 100 च घ्यायचे. उरलेले 20 आजारपणासाठी आणि वीज जाण्याच्या दिवसांसाठी. शंभर भरले की वही बंद. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइके नाराज होऊन गेली. पण दिलेल्या तारखेला कपडा मिळतो हे कळल्यावर त्यांतली बरीच पुढच्या वर्षी शाबानमध्येच माप द्यायला आली. दिलेला शब्द पाळणे हा आपल्या दीनचाच भाग आहे. तो पाळता येईल एवढाच द्यावा.

राहिला मुलांचा प्रश्न. बालकामगार कायदा 1986 चा आहे. 2016 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या धोका नसलेल्या व्यवसायात मुलाने मदत करायला हरकत नाही, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुटीत. आमचा पुतण्याही असर झाल्यावर तासभर मापांची वही लिहायला बसायचा, पण त्यासाठी त्याची शाळा पुन्हा कधी बुडाली नाही.

दुकानात माणूस कमी पडणारच. ही तंगी छोट्या धंद्याच्या नशिबी दरवर्षीची आहे. पण ती भागवायला घरातले सर्वांत स्वस्त माणूस म्हणून मुलाकडे पाहू नये. त्याच्या बुडालेल्या दिवसांची किंमत वहीत दिसत नाही, एवढेच. यंदा रजब उजाडला की कारागिराला जवळ बसवा, त्याची बाकी चुकती करा आणि मग विचारा, "गावी कधी जाणार?"