मूठ हाताला बसायला हवी

घरात वडिलांसाठी काठी आणण्याचा विषय जितक्या हळू आवाजात निघतो, तितक्या हळू आवाजात कर्जाचाही निघत नसेल. आईने सुचवायचे, मुलाने आणायची आणि वडिलांनी ‘ठेव तिकडे’ म्हणून ती दाराआड उभी करायची, हा बहुतेक काठ्यांचा जीवनक्रम! मंडळी म्हणतात, अण्णांना लाज वाटते. वाटतही असेल. दिवाळीच्या लख्ख उन्हात बंद छत्री टेकत फिरायला निघणारे आजोबा कोणी पाहिले नाहीत? (छत्रीचे टोक फरशीवरून सटकते आणि तिचा दांडा माणसाचा भार पेलण्यासाठी केलेला नसतो, हे त्यांना कोण सांगणार!) पण पुष्कळदा खरे कारण तळहातात असते. काठीची मूठ टोचते, आणि तशी तक्रार करणे वडीलधाऱ्यांना जमत नाही. काठी दाराआडच राहते. उतारवयात खुब्याचे हाड मोडायला मोरीत एकदा पाय घसरणे पुरेसे होते, आणि मग पूर्वीसारखे चालणे अनेकांना साधत नाही.

१९३० साली गांधीजी दांडीला निघाले तेव्हा साठीचे होते. त्यांच्या हातातल्या उंच बांबूला मूठ अशी नव्हतीच. पण तो चालीला सोबत करणारा बांबू. गुडघा दुखतो म्हणून अंगाचा भार टाकायचा, तर तो भार तळहातातून काठीत उतरतो. आणि तिथे मुठीचा प्रश्न येतो.

दुकानात डोळा आधी जातो तो पितळी सिंहाच्या तोंडाकडे. अशी काठी लग्नाच्या फोटोपुरती ठीक. सिंहाची आयाळ तळहातात रुतते, घामाने पितळ निसटते आणि थंडीत ते गार पडते. गोल गोळ्याच्या मुठीचेही तसेच. हाताला टेकायला जागाच नाही.

छत्रीसारखी वाकडी मूठ आपल्या सर्वांच्या ओळखीची. तिची सोय मोठी : भाजी घेताना, तिकीट काढताना ती मनगटावर अडकवता येते. ज्यांना काठी अधूनमधून लागते त्यांनी ती खुशाल घ्यावी. मात्र तिचा गोल दांडा हातात एका रेघेवरच दाबतो, शिवाय भार काठीच्या सरळ रेषेत पडत नाही. दिवसभर टेकून चालणाऱ्याला आडवी मूठ बरी. ती वरून जरा सपाट असावी आणि दांडा तिच्या मध्याजवळ लागलेला असावा, म्हणजे भार सरळ खाली जातो. हात फार दुखत असेल किंवा संधिवात असेल, तर तळहाताच्या आकाराची पसरट मूठ मिळते. मात्र ती डाव्या हाताची वेगळी, उजव्याची वेगळी.

आणि इथेच घोटाळा होतो. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात धरणारे पुष्कळ. खरे म्हणजे ती डाव्या हातात हवी. चालताना उजव्या पायाबरोबर डावा हातच पुढे येतो. तेव्हा आधी पाय कोणता ते ठरवावे, त्यावरून हात, आणि मग मूठ.

जाडी प्रत्येकाच्या हातावर अवलंबून. मूठ इतकी बारीक नको की नखे तळहातात रुतावीत, आणि इतकी जाड नको की बोटांना वेढाच घालता येऊ नये. बोटे आखडलेली असतील तर थोडी जाड मूठ सोयीची. आजींच्या बाबतीत तर कोणी विचारच करीत नाही. आजोबा गेले की त्यांचीच काठी आजींच्या हाती येते, मग ती लहानशा हाताला भरभक्कम का होईना! उंचीही त्यांचीच.

उंचीचे सांगायचे तर, नेहमीच्या चपला घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मुठीचा माथा मनगटाच्या घडीशी आला पाहिजे. मग टेकताना कोपर किंचित वाकते. काठी उंच असेल तर खांदा वर ओढला जातो आणि चांगली मूठही त्रास देते.

म्हणून पाडव्याला रंगीत कागदात गुंडाळलेली काठी देण्यापेक्षा वडिलांनाच दुकानात न्यावे. मूठ धरून चांगली पाच मिनिटे टेकू द्यावे, चालू द्यावे. दुकानदार घाई करील, करू द्या. मग तळहात पाहावा. एकाच जागी लाल वळ उठला किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर ती मूठ त्यांची नव्हे. लाकडाची मूठ दिसायला सुबक, आणि एखादा कंगोरा टोचला तर सुतार तो घासून देतो. मुंबईच्या घामाला रबरी अधिक धरते. दांड्याला दोरीचा फास असला तर पैसे काढताना काठी खाली पडत नाही.

निघताना खालचे रबरी बूचही एक जास्तीचे मागून घ्यावे. ते झिजून गुळगुळीत होते, आणि काठी उलटी करून कोणी पाहत नाही.