केबल तुटली की नेट यायला एवढा वेळ का लागतो? काचेचा जोड असा बसतो

पाटण : रस्त्याकडेला जेसीबीचा एक दणका बसतो आणि दोन-चार गावांचं नेट जातं. सेवा केंद्रात दाखला अडकतो, रेशन दुकानात अंगठा लागत नाही, पैसे पाठवायचे राहतात. "दोन वायरी जोडायला एवढा वेळ कशाला?" असं मग हमखास विचारलं जातं. पण या केबलमध्ये तांब्याची तार नसते, काचेचे तंतू असतात. काच पिळून जोडता येत नाही, ती सहसा वितळवून जोडतात.

गावागावांतल्या ग्रामपंचायती अशा केबलने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. हीच योजना आता भारतनेट म्हणून ओळखली जाते. अनेक मोबाईल टॉवरही याच प्रकारच्या केबलवर चालतात. त्यामुळे कधी कधी टॉवर उभा असतो, वीज असते, तरी नेट नसतं.

जोड कसा बसतो?

काचेचा एक तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध फक्त ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून उजेड धावतो. दोन्ही टोकांचे हे गाभे समोरासमोर तंतोतंत आले पाहिजेत.

कारागीर आधी केबलची साल काढतो. मग तंतूवरचं रंगीत आवरण सोलतो आणि काच अल्कोहोलने पुसतो. त्यानंतर क्लीव्हर नावाच्या अवजाराने टोक अगदी सरळ तोडतो. पीव्हीसी पाइप तिरका कापला तर जोड गळतो, तसंच इथं आहे. फक्त पाण्याऐवजी उजेड गळतो.

दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली की मशीन ती एकमेकांसमोर आणतं. मग विजेची ठिणगी पडते, दीड हजार अंशांहून जास्त उष्णता होते आणि काच एकजीव होते. याला काही सेकंदच लागतात. जोडावर आधीच ओवलेली नळी सरकवून ती तापवतात. ती आवळून घट्ट बसते आणि जोडाला आधार देते. शेवटी सगळे जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यात बंद करतात.

मग वेळ कुठे जातो?

पहिलं काम म्हणजे तूट शोधणं. ओटीडीआर नावाचं यंत्र तंतूत उजेड सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून तूट किती मीटरवर आहे ते सांगतं. पण ते केबलची लांबी मोजतं, रस्त्याची नाही. मध्ये केबलची वेटोळी असतील तर जागा शोधत फिरावं लागतं.

ओढून घ्यायला जादा केबल नसेल तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. मग एका तुटीचे दोन जोड होतात. २४ तंतूंची केबल असेल तर जोड ४८. सोलणं, पुसणं, तोडणं धरून एका जोडाला चार-पाच मिनिटं लागली तरी तीन-चार तास जातात. त्यात रंग चुकवून चालत नाही, ज्या रंगाचा तंतू त्याच रंगाला जोडायचा. पाऊस असेल तर आधी ताडपत्री बांधावी लागते. टोकावर धूळ किंवा ओल राहिली की जोड वाया जातो.

चांगल्या जोडात ०.१ डेसिबलपेक्षा कमी, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी उजेड जातो. एका जोडाने फरक पडत नाही. पण एकाच पट्ट्यात वारंवार तुटलं की जोड वाढत जातात आणि प्रत्येक जोडाला थोडा थोडा उजेड कमी होतो.

गावकऱ्यांनी काय करावं?

केबल तुटलेली दिसली तर ओढू नका, गाठ मारू नका, जादा तुकडा कापून नेऊ नका. ओढलेल्या केबलमधले तंतू आत लांबवरही तुटतात. टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेचे बारीक कण हातात रुततात, म्हणून लहान मुलांना लांब ठेवा. जागा लक्षात ठेवून ग्रामपंचायतीला किंवा केबलवाल्या कंपनीला कळवा. नेमकी जागा कळली की शोधण्याचा वेळ वाचतो.

खोदकाम करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं आहे. चर मारण्याआधी त्यावर कळवलं की जमिनीखाली कुणाची केबल किंवा पाइप आहे ते विचारता येतं. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव भागात दरडी कोसळल्या. तशा वेळी मदत मागायला फोन लागलाच पाहिजे. म्हणून जेसीबीचं बकेट जमिनीला लावण्याआधी एकदा चौकशी केलेली बरी.