थंडावा हरवतो तेव्हा...

झाशीचे नाव उच्चारताच मराठी मनासमोर राणी लक्ष्मीबाई आणि खडकाळ टेकडीवरचा तो किल्ला उभा राहतो. नेवाळकरांच्या काळापासून तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना मात्र या शहराची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे तेथला उन्हाळा. २८ मे २०२४ रोजी झाशीच्या पाऱ्याने ४९ अंश सेल्सिअसची पातळी गाठली. दिवसभर तापलेला दगड रात्रीही उष्णता सोडत राहतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर यांचा आधार हवा कोरडी असेपर्यंतच. पावसाची चाहूल लागून हवेत दमटपणा आला की कूलर निष्प्रभ होतो. अशा वेळी घरातील वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही मुले यांच्यासाठी वातानुकूलन यंत्र ही चैन न राहता गरज बनते. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथील वाचकांनाही हा अनुभव नवा नाही.

नेमके याच दिवसांत यंत्र रुसते. पंखा फिरतो, पण हवा थंड येत नाही; किंवा यंत्र पाच-दहा मिनिटांत थांबते आणि खोली तापलेलीच राहते. घाईघाईने बोलावलेला कारागीर पुष्कळदा न तपासताच सांगतो, ‘गॅस संपला’ किंवा ‘सर्किट बोर्ड गेला’. दोन्ही उपाय महागडे. प्रत्यक्षात दोष कित्येकदा शेंगदाण्याएवढ्या एका भागात असतो. तो भाग म्हणजे तापमान संवेदक, अर्थात सेन्सर. तो बदलण्याचा खर्च बोर्डाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. म्हणूनच त्याचे निदान कसे होते हे ग्राहकाने जाणून घेणे हिताचे आहे.

यंत्राची जाणीव

भिंतीवरील आतल्या भागात बहुधा दोन सेन्सर असतात. पहिला, खोलीतील हवा जेथून आत ओढली जाते त्या जाळीमागे. तो खोलीचे तापमान सांगतो. दुसरा, थंड होणाऱ्या कॉइलच्या तांब्याच्या नळीला चिकटलेला. कॉइल गोठू लागली की तो यंत्राला सावध करतो. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रांत बाहेरच्या भागातही असे सेन्सर असतात.

या सेन्सरमध्ये थर्मिस्टर नावाचा घटक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि तापमान उतरले की रोध वाढतो. बोर्ड हा रोध मोजतो आणि त्यावरून कॉम्प्रेसर चालवायचा की थांबवायचा हे ठरवतो. बोर्डाला स्वतःचे डोळे नाहीत. सेन्सर जे सांगेल तेच त्याचे सत्य. खोली ३४ अंशांवर असताना सेन्सरने २३ अंश सांगितले, तर निरोगी यंत्रही इमानेइतबारे थांबून राहील.

सेन्सर तीन प्रकारे बिघडतो. तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि बोर्डाला ती कडाक्याची थंडी भासते. तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्यावर येतो आणि प्रचंड उष्णता भासते. हे दोन्ही दोष बोर्ड बहुधा ओळखतो आणि दिवा लुकलुकवून किंवा पडद्यावर सांकेतिक अंक दाखवून कळवतो. त्या अंकाचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असल्याने तो माहितीपुस्तिकेतच पाहावा. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. पावसाळी दमटपणाने जोडणीच्या पिनांवर गंज चढतो, रोध थोडा वाढतो आणि सेन्सर खऱ्यापेक्षा कमी तापमान सांगू लागतो. येथे कोणताही अंक उमटत नाही. यंत्र फक्त वेळेआधी थांबते.

आधी घरच्या घरी

सेन्सरवर संशय घेण्यापूर्वी साध्या गोष्टी पाहाव्यात. रिमोट ‘कूल’वर आहे ना? जाळी धुळीने गच्च भरलेली नाही ना? स्टॅबिलायझर योग्य व्होल्टेज दाखवतो ना? काही यंत्रांच्या रिमोटमध्येही सेन्सर असतो आणि त्याची सोय चालू असेल तर यंत्र त्याचेच ऐकते. असा रिमोट थंड झोतासमोर पडला असेल तर यंत्र लवकर थांबणारच.

त्यानंतर भिंतीवरचा साधा तापमापक घ्यावा. यंत्र पंधरा मिनिटे चालल्यावर हवा आत जाते तेथले आणि थंड हवा बाहेर येते तेथले तापमान नोंदवावे. सुस्थितीतील यंत्रात या दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडतो. कॉम्प्रेसर चालू असताना हा फरक चांगला आहे, पण यंत्र २४ अंशांवर लावलेले असूनही खोली ३० अंशांवर असतानाच कॉम्प्रेसर थांबतो, तर संशयाची सुई सेन्सरकडे वळते. उलट कॉम्प्रेसर अखंड चालूनही फरक दोन-चार अंशांचाच असेल, तर गॅसची गळती किंवा मळलेली कॉइल यांचा विचार करावा. लक्षात ठेवावे, गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

झाशीसारख्या ठिकाणी आणखी एक कसोटी उपयोगी पडते. बिघाड फक्त दुपारी दिसतो आणि रात्री नाहीसा होतो का? तसे असेल तर बाहेरचा भाग तापून कॉम्प्रेसरची संरक्षक यंत्रणा त्याला थांबवत असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे यंत्राची क्षमता प्रामुख्याने बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजली जाते. ४६-४७ अंशांत तेच यंत्र कमी थंडावा देते. तो सेन्सरचा दोष नव्हे. यंत्र दिवसा आणि रात्री सारखेच चुकत असेल, तर मात्र सेन्सर तपासावा.

मापनाची कसोटी

पुढचे काम तंत्रज्ञाचे आहे. मुख्य बटण बंद करून तो सेन्सर बोर्डावरून काढील आणि मल्टिमीटरने रोध मोजील. अनेक घरगुती यंत्रांतील सेन्सरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो. काहींचा ५ किंवा अन्य असतो. १० किलोओहमचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशाला, साधारण २८ ते ३४ किलोओहम दाखवतो आणि ४० अंशांना ५ ते ६. ही बाब महत्त्वाची आहे. उन्हाने ४० अंशांवर गेलेल्या खोलीत निरोगी सेन्सरही साडेपाचच्या आसपास आकडा दाखवेल. केवळ ‘दहा हवेत’ एवढेच पाठ असलेला कारागीर त्याला बाद ठरवील आणि दुखणे मात्र तसेच राहील. म्हणून सेन्सरच्या रोधासोबत त्या क्षणीचे तापमान विचारावे. सेन्सर मुठीत धरल्यावर आकडा सावकाश बदलला पाहिजे, उड्या मारता कामा नये.

मोजण्याआधी सेन्सर आपल्या जागी आहे का हेही पाहून घ्यावे. खोलीचा सेन्सर खाचेतून निसटून थंड कॉइलला टेकला, तर तो खोलीऐवजी कॉइलचे तापमान सांगतो. येथे सुटा भाग घेण्याची गरजच नसते. तो जागेवर बसवला की काम झाले.

नवा सेन्सर मूळ मूल्याचाच हवा. त्याऐवजी ठरावीक रोधाचा तुकडा जोडून ‘चालू करून देतो’ असे कोणी म्हटले तर ठाम नकार द्यावा. तसे केल्यास बोर्डाला तापमान कायम एकच दिसते. खोली गार झाली तरी कॉम्प्रेसर थांबत नाही. आणि तुकडा कॉइलच्या सेन्सरऐवजी जोडला असेल तर कॉइलवर बर्फ साचल्याचेही यंत्राला कळत नाही. दीड टनाचे यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे दीड युनिट वीज घेते असे धरले, तर रात्री तीन तास अधिक चालल्याने महिन्याला सुमारे १३५ युनिट वाढतात. दुरुस्तीत वाचवलेले पैसे वीजबिलातून निघून जातात.

ग्राहकाची सावधगिरी

बाहेरचा भाग घरच्यांनी उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार राहू शकतो. मोठ्या दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी मोजलेले आकडे पावतीवर लिहून घ्यावेत, काढलेला भाग मागून घ्यावा आणि हमीपत्र पाहावे. उन्हाळा ऐन भरात येण्याआधी, मार्चमध्येच जाळी धुऊन, तापमापकाने एकदा फरक मोजून ठेवावा. तो आकडा पुढे बिघाड झाल्यावर तुलनेला कामी येतो.

आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत घरातील वृद्धांना घराच्या सर्वांत थंड भागात हलवावे, त्यांना वारंवार पाणी द्यावे. यंत्र दोन दिवस थांबू शकते, माणसाचे शरीर त्या उकाड्यात थांबत नाही. खर्चाआधी निदान आणि निदानाआधी मापन, हा क्रम पाळला तर पैसा आणि थंडावा दोन्ही जागेवर राहतात.