कॉम्बो डेक: जोडी १२ पत्त्यांची, कसोटी ४८ पत्त्यांची

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात कॉम्बो डेकची ख्याती फारशी बरी नाही. दोन ठरावीक पत्ते एकत्र आले की डाव तिथल्या तिथे संपतो. हरणाऱ्याला आपण फसवले गेलो असं वाटतं, बघणाऱ्याला सगळं नशीब वाटतं आणि नव्या खेळाडूला वाटतं की अशी एखादी जोडी सापडली म्हणजे काम झालं. माझ्या मते हा या खेळातला सर्वांत काटेकोर प्रकार आहे. त्याबद्दलचे बरेचसे गैरसमज एकाच ठिकाणाहून येतात: सगळ्यांचं लक्ष जोडीकडे असतं, डेकच्या उरलेल्या पत्त्यांकडे कुणी बघत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. प्रत्येक खेळाडू स्वतः रचलेला किमान ६० पत्त्यांचा डेक घेऊन येतो. साध्या लँड सोडल्या तर एका नावाचे जास्तीत जास्त ४ पत्ते चालतात. सुरुवातीला हातात ७ पत्ते, प्रत्येकाचं लाइफ २०. लँडमधून मना मिळतो आणि तो खर्चून स्पेल टाकायचे. बहुतेक डेक समोरच्याचं लाइफ हळूहळू कुरतडतात. कॉम्बो डेकचं तसं नसतं. रमीत शेवटचं पान जुळेपर्यंत हातातल्या पानांना काही किंमत नसते आणि जुळलं की एकदम शो होतो, तसाच हा प्रकार.

एक खरा डेक समोर ठेवूनच बोलू. २०११ मध्ये ‘मॉडर्न’ हा स्पर्धाप्रकार सुरू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाची प्रो टूर ही स्पर्धा इटलीच्या सॅम्युएले एस्त्रातीने स्प्लिंटर ट्विन डेक खेळून जिंकली. यातली जोडी अशी. डिसीव्हर एक्झार्क हा तीन मनाचा जीव आहे. तो मैदानात येताना आपलं एखादं कार्ड अनटॅप करतो, म्हणजे वापरून आडवं ठेवलेलं कार्ड पुन्हा उभं करतो. त्याच्यावर चार मनाचं स्प्लिंटर ट्विन चढवलं की तो जीव आडवा करून त्याचीच एक प्रत काढता येते, आणि ती प्रत त्याच टर्नला हल्ला करू शकते. आता ही प्रतसुद्धा एक्झार्कच. ती आली की मूळ एक्झार्कला उभं करते, तो पुन्हा आडवा होतो, दुसरी प्रत येते. प्रत्येक प्रत एकाचं नुकसान करते. वीस प्रती झाल्या की पुरे.

जोडी सापडली म्हणजे डेक तयार, हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. डेकमध्ये एक्झार्क ४ आणि ट्विन ४ असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत दोन्ही येण्याची शक्यता सुमारे १४.५ टक्के, म्हणजे सात डावांतून एकदा. पहिल्यांदा खेळणाऱ्याने चौथ्या टर्नपर्यंत दहा पत्ते पाहिलेले असतात. तेव्हाही ही शक्यता २६.५ टक्क्यांच्या आसपासच पोचते. चारांतल्या तीन डावांत नुसती वाट बघणारा डेक कोणतीही स्पर्धा जिंकत नाही.

म्हणून रचनेतलं पहिलं काम असतं पर्याय शोधण्याचं. पेस्टरमाइट हा दुसरा तीन मनाचा जीव ट्विनबरोबर तेच चक्र फिरवतो. त्याचे ४ पत्ते घातले की जोडीच्या एका बाजूला ८ पत्ते होतात आणि दहा पत्त्यांतली शक्यता २६.५ वरून थेट ४० टक्क्यांवर जाते. चार पत्त्यांनी एवढा फरक पडतो. पण दोघं सारखे नाहीत. एक्झार्क चारपेक्षा कमी नुकसान पचवतो, त्यामुळे तीनाचं नुकसान करणाऱ्या लाइटनिंग बोल्टने तो मरत नाही. पेस्टरमाइट उडतो, हल्ल्याला बरा पडतो, पण एकाच्या नुकसानीतही जातो. कुणाचे किती ठेवायचे हे त्या दिवशी समोर कोणते डेक येतील या अंदाजावर ठरतं.

हे १२ पत्ते बाजूला काढले की उरतात ४८. त्यांतले वीस-बावीस लँड. बाकीच्यांना तीन कामं करायची असतात: पत्ते शोधणं, जिवंत राहणं आणि जोडीचं रक्षण करणं. शोधण्यासाठी सिरम व्हिजन्ससारखे एका मनाचे स्पेल, जे एक पत्ता हातात देतात आणि डेकवरचे पुढचे दोन पत्ते पाहून त्यांची जागा ठरवू देतात. या छोट्या पत्त्यांचं वजन किती असतं, हे खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या एका निर्णयातून दिसतं. फिलाडेल्फियात कॉम्बो डेकांचा वेग पाहून कंपनीने त्याच महिन्यात मॉडर्नमधले काही पत्ते बंद करण्याचं जाहीर केलं. जिंकलेलं स्प्लिंटर ट्विन त्यांत नव्हतं. पाँडर आणि प्रीऑर्डेन मात्र होते, आणि हे दोन्ही एका मनात हवा तो पत्ता शोधायला मदत करणारे अगदी साधे स्पेल आहेत. जोडीला हात न लावता तिच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता अरुंद केला गेला. कॉम्बो डेक कशावर चालतो, याची यापेक्षा चांगली साक्ष मला माहीत नाही.

आता दुसरा गैरसमज: कॉम्बोवाला एकटाच खेळतो, समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घरी एकट्याने केलेल्या सरावावरून हा समज झाला असावा. समोर कुणी नसताना डेक चालवून बघण्याला खेळाडू ‘गोल्डफिश करणं’ म्हणतात. जोडी साधारण कितव्या टर्नला जमते, कोणता हात ठेवायचा, कोणता परत करायचा, हे त्यातून कळतं. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे हात परत केला तर पुन्हा पूर्ण सात पत्ते मिळतात आणि जितक्यांदा परत केला तितके पत्ते डेकच्या तळाशी ठेवावे लागतात. कॉम्बो डेकला याचा मोठा फायदा होतो, कारण त्याला सात बरे पत्ते नकोत, पाच नेमके हवेत. हा सराव जरूर करावा. पण त्यातून मिळतो फक्त वेग, आणि खऱ्या सामन्यात वेग हे अर्धंच उत्तर आहे.

ट्विनचा प्रत्यक्ष सामना पाहिला की फरक कळतो. नुकत्याच आलेल्या जिवाला त्याच टर्नला आडवं करून क्षमता वापरता येत नाही. म्हणून एक्झार्क आपल्या टर्नला टाकत नाहीत. तो समोरच्याच्या टर्नच्या अगदी शेवटी उतरवायचा, तेवढी मुभा त्याच्यावर लिहिलेली आहे. मग आपली टर्न, चौथी लँड आणि स्प्लिंटर ट्विन. कागदावर इथे डाव संपतो. पण ट्विन एक्झार्कला चिकटण्याआधीच समोरच्याने उत्तरादाखल एक्झार्क मारला तर? ट्विनला बसायला जागा उरत नाही आणि तेही वाया जातं. समोरच्याचा एक पत्ता गेला, आपले दोन गेले आणि टर्नचा सगळा मनाही संपला. इथून सावरणं फार अवघड असतं.

म्हणून मुरलेला खेळाडू चौथ्या टर्नला जोडी हातात असूनही थांबतो. समोर किती लँड उभ्या आहेत, कोणत्या रंगाच्या आहेत, गेल्या टर्नला याने काहीच का केलं नाही, हे तो वाचत असतो. पाचव्या टर्नला ट्विन टाकून एक मना उरतो आणि त्यात डिस्पेलसारखा स्पेल बाळगता येतो, जो समोरच्याचं मारक उत्तर रद्द करतो. एक टर्न उशीर झाला, पण हल्ल्याला कवच मिळालं. आणि थांबून खेळण्यात आणखी एक फायदा दडलेला आहे. तुमच्याकडे तीन लँड झाल्या त्या क्षणापासून समोरच्याला दर टर्नला मारक स्पेलपुरता मना राखून ठेवावा लागतो. तेवढा मना त्याला स्वतःच्या बेतांवर खर्चता येत नाही. तुमच्या हातात ट्विन नसलं तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. या भीतीच्या आडून लाइटनिंग बोल्ट आणि स्नॅपकास्टर मेजने हळूहळू लाइफ संपवून ट्विनवाल्यांनी कितीतरी डाव जिंकले, जोडी एकदाही मैदानात न उतरवता. इतका समोरच्याच्या मनात शिरून खेळावा लागणारा डेक एकट्याचा खेळ कसा म्हणायचा?

याच कारणाने साइडबोर्डचा वापरही उलटा वाटेल असा होतो. स्पर्धेत पहिल्या डावानंतर बाजूच्या १५ पत्त्यांतून अदलाबदल करता येते. समोरचा आता जोडी मोडणारे पत्ते भरून येणार हे उघड असतं. तेव्हा ट्विनवाले बरेचदा ट्विनच कमी करत किंवा पूर्ण काढून टाकत. समोरच्याच्या हातात जोडीवरची औषधं पडून राहत आणि जोडीच समोर येत नसे. उलट काही कॉम्बो डेकांत, विशेषतः एकाच टर्नला एकामागून एक स्पेल टाकत जाणाऱ्या स्टॉर्म डेकांत, भरमसाट अदलाबदल केली की स्वतःचंच यंत्र बिघडतं. तिथे थोडेच पत्ते बदलावेत.

‘अनंत’ या शब्दाने झालेला घोळही मोठा आहे. ट्विनसारख्या जोडीला सगळे अनंत कॉम्बो म्हणतात, पण मॅजिकच्या नियमांत अनंताला जागा नाही. चक्र किती वेळा फिरवणार, तो आकडा सांगावाच लागतो. दहा लाख म्हणा, दहा कोटी म्हणा, पण आकडा हवा. याचे परिणाम खरे असतात. कुणी चक्र लावून दहा लाख लाइफ मिळवलं, तरी पुढच्या टर्नला समोरच्याच्या चक्राने अकरा लाखांचं नुकसान होऊ शकतं. एखादं चक्र आपोआप फिरत राहिलं आणि ते थांबवणं कुणाच्याच हातात नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

आणि चक्राचा शेवट आधी सांगता आला नाही तर आकडा सांगून पुढे उडी मारता येत नाही. फोर हॉर्समेन नावाचा डेक याचं उदाहरण आहे. बेसॉल्ट मोनोलिथ पुन्हा पुन्हा उभा करायचा. दर वेळी मेस्मेरिक ऑर्बमुळे डेकचा वरचा पत्ता बाद ढिगात जातो. मध्येच एम्राकुल हा पत्ता ढिगात पडला की सगळा ढीग पिसून डेकमध्ये परत. पत्ते हव्या त्या क्रमाने कधीतरी पडणारच, हे खरं. पण नेमक्या कितव्या फेरीत, हे सांगता येत नाही. म्हणून दरेक फेरी प्रत्यक्ष करून दाखवावी लागते आणि स्पर्धेत पंच त्याला वेळकाढूपणा ठरवू शकतात. डेक रचताना जोडी जिंकते का एवढं पाहून भागत नाही. ती टेबलावर सिद्ध करून दाखवता येते का, हेही पाहावं लागतं.

एक काउंटर मारला, म्हणजे निर्णायक स्पेल रद्द केला, की कॉम्बो संपला, असं समोर बसणारेही समजतात. २००३ च्या स्कर्ज संचात आलेल्या स्टॉर्मपुढे हे चालत नाही. टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी समोरच्याचं २ लाइफ घेतं, पण त्या टर्नला त्याआधी जितके स्पेल पडले तितक्या त्याच्या प्रती निघतात. आधी नऊ पडले असतील तर मूळ धरून दहा, म्हणजे बरोबर २० लाइफ. मूळ स्पेल काउंटर केला तरी नऊ प्रती तशाच उरतात. इथे काउंटर आधी मारावा लागतो, मना वाढवणाऱ्या किंवा पत्ते आणून देणाऱ्या नेमक्या स्पेलवर. खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर एखादी यंत्रणा नव्या संचात परत येण्याची शक्यता किती कमी आहे हे सांगायला एक ते दहाची मोजपट्टी वापरतात. तिचं नावच ‘स्टॉर्म स्केल’ आहे, आणि स्टॉर्म तिच्यावर दहावर बसतो.

कॉम्बो म्हणजे फक्त महागडे दुर्मीळ पत्ते, हेही खरं नाही. ‘पॉपर’ प्रकारात फक्त कॉमन दर्जाचे पत्ते चालतात आणि तिथेही ग्रेपशॉट, एम्टी द वॉरन्स हे स्टॉर्मचे कॉमन पत्ते २०१३ मध्ये बंद करावे लागले.

कॉम्बो ही रचनाकारांची चूक आणि बंदी ही तिची दुरुस्ती, असंही ऐकू येतं. पण गणितज्ञ रिचर्ड गारफिल्डच्या १९९३ च्या पहिल्याच संचात ब्लॅक लोटस, चॅनेल आणि फायरबॉल होते. लोटसमधून तीन हिरवे मना, त्यांतल्या दोनांत चॅनेल, चॅनेलने १९ लाइफ मोडून १९ मना, उरलेला एक हिरवा मिळून २०, लाल मनासाठी एक लँड: पहिल्याच टर्नला २० चा फायरबॉल, आणि स्वतःचं लाइफ उरतं १. शिवाय काही जोड्या रचनाकारांच्या टेबलावर एकत्र येतही नाहीत. १९९५ चं डिमॉनिक कन्सल्टेशन आणि २०२० चं थासाज ओरॅकल यांच्यात २५ वर्षांचं अंतर आहे. पहिलं एका मनात स्वतःचा सगळा डेक खेळातून काढून टाकू शकतं, दुसरं डेक रिकामा असताना दोन मनात डाव जिंकून देतं.

स्प्लिंटर ट्विनवर जानेवारी २०१६ मध्ये बंदी आली. कारण दिलं गेलं ते मॉडर्नमधली विविधता घटल्याचं: निळा-लाल डेक खेळणारे याच जोडीकडे ओढले जात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. मधल्या काळात २०१९ ला फोर्स ऑफ नेगेशन आणि २०२१ ला सॉलिट्यूड आलं. दोन्ही हातातला एक पत्ता सोडून, एकही मना न खर्चता वापरता येतात. पहिलं आपल्या टर्नला पडलेलं ट्विन रद्द करतं, दुसरं त्याखालचा एक्झार्क उचलून नेतं. समोरच्याच्या सगळ्या लँड आडव्या आहेत, म्हणजे आता टाकायला हरकत नाही, हा जुन्या ट्विनवाल्यांचा हिशोब त्यामुळे लागू पडत नाही. आज ट्विन उचलणाऱ्याला लँडपेक्षा समोरच्याच्या हातातले पत्ते आणि त्यांचे रंग मोजावे लागतात.